तीन वाजताचा कार्यक्रम

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं लातूरला दादांच्या घरी गाणं ऐकायला जमायचो. मी नांदेडहून सातच्या एसटीने निघायची. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरी जाळीची टोपी घातलेले गार्डसाहेब मुदखेडहून पहाटेच्या गाडीने नांदेडला येत आणि माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवत. उदगीरचे अण्णा, आडतीचा धंदा मुलांवर सोपवून मोकळे झालेले, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे ओढून आमच्या आधीच पोचलेले असत. अकराच्या सुमाराला दादा आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडत, आणि पुढचे चार तास आम्ही एकाच माणसाचा आवाज ऐकत बसत असू.

तो गायक फार मोठा झाला नाही. त्याच्या मोजक्या तबकड्या निघाल्या, त्याही आता मिळत नाहीत. माइकला ओठ लावून, कानात काहीतरी सांगावं तसा तो गायचा. भावगीत म्हणायचा, मधेच गझल घ्यायचा, आणि दोन्हींत त्याचा श्वास ऐकू यायचा. आमच्या भागात लग्नाला, उरुसाला, गणपतीत तो येई. दादांचं तेव्हा नांदेडला रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. त्याच्या मैफिलींना माइक दादांचा आणि टेपही दादांचीच. शिवाय रेडिओवर दर आठवड्याला दुपारी तीन वाजता त्याचा कार्यक्रम लागे. तोही दादांनी वर्षानुवर्षं भरून ठेवला. हे सगळं पुढे त्यांनी कॅसेटींवर उतरवलं. दीडशेच्या वर कॅसेटी, प्रत्येकीवर निळ्या शाईत गाव आणि गाण्याची ओळ. हे गाणं दुसऱ्या कुणाकडे नाही. गायकाने मरायच्या आधी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की हे बाहेर जाऊ द्यायचं नाही, ज्याला ऐकायचं त्याने तुमच्याकडे येऊन ऐकावं. म्हणून दादा नक्कल करू देत नसत. आमचे मोबाइलसुद्धा बाहेरच्या खोलीत एका स्टीलच्या परातीत ठेवावे लागत.

मी त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती ट्रान्झिस्टर घेऊन. नुकतीच शाळेत लागले होते. ट्रान्झिस्टर दुरुस्त झाला, पण आत टेप चालू होती आणि गाणं अर्ध्यात होतं. मी उभीच राहिले. दादांनी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसा बाई. हे संपल्याबिगर जाता येत न्हाई." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बाई. म्हातारपणी ते मुलाच्या घरी लातूरला राहायला गेले, तर आमचं ऐकणंही त्यांच्यामागून लातूरला गेलं.

मागल्या वर्षी दिवाळीनंतरच्या बैठकीत दादांनी उदगीरच्या एका लग्नातली मैफल लावली. गाणं रंगात आलं होतं. मधेच टक असा आवाज झाला आणि आवाज गेला. दोन-तीन सेकंद. पुन्हा टक, आणि गाणं पुढच्या ओळीवर. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. दादा डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसले होते. त्या रिकाम्या जागेतही त्यांचा ठेका चुकला नाही.

"टेप जुनी झाली," परतताना गार्डसाहेब म्हणाले. मीही हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात ती जागा मोठी होती. या वेळी रेडिओवरचा कार्यक्रम होता. गायकाने पहिली ओळ संपवली, टक झालं, आणि पंख्याची घरघर सुरू झाली. पंख्यामागे कुठेतरी लांबून भंगारवाल्याचा भोंगा जवळ येत होता. जुना कूलर, जुना फ्रिज, फुटका मोबाइल, बिघडलेला मोबाइल. तो भोंगा दारावरून गेला, हळूहळू लांब गेला, आणि मग टक. गायक शेवटच्या कडव्यावर होता.

मला हसू येईल असं वाटलं, म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले. दादा म्हणाले, "काय सूर लावला! ऐकलं का अण्णा?"

"हाव," अण्णा म्हणाले.

एसटी चाकूरच्या पुढे आल्यावर गार्डसाहेबांनी हळूच विचारलं, "बाई, त्या काळी मोबाइल कुठला?"

"मी पण तेच ऐकलं."

"म्हंजे कोणीतरी आत्ता भरलंय त्याच्यावर." थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दादांशिवाय त्या टेपला हात कोण लावतो?"

पौषातल्या बैठकीला मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. सूनबाई भाकरी थापत होती. दादांची सून एका शिकवणीच्या वर्गात हिशोबनीस आहे, दुपारी जेवायला घरी येते आणि चारला परत जाते. मुलगा पुण्याला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो. मी विचारलं, "दुपारी दादा काय करतात?"

"मामंजी ऐकत बसतात. दार लावून घेतात." तिने भाकरी तव्यावर टाकली. "बाई, खरं सांगू का? ते ऐकत नाहीत. आवाजच येत नसतो आतून. एक दिवस मी डोकावून बघितलं. टू-इन-वनसमोर मांडी घालून बसलेले, लाल बटण दाबलेलं, हातात घड्याळ. म्हणले, गप ऱ्हा, तीनचा कार्यक्रम लागून राहिला."

मग मला सगळं कळलं. कपाटातून हाताला येईल ती कॅसेट काढायची, टेपमध्ये घालायची आणि तीन वाजता रेकॉर्डचं बटण दाबायचं. हात तेच करत होते, जे त्यांनी पंचवीस वर्षं केलं होतं. पण टू-इन-वनचा रेडिओ-टेपचा खटका आता टेपवरच राहायचा, म्हणून रेडिओऐवजी मशीनच्या माइकमधून खोलीचा आवाज भरला जायचा. पंखा, भंगारवाला, शेजारच्या होस्टेलमधल्या पोरींचं पाठांतर. आणि त्याच्याखाली गाणं पुसलं जायचं.

"बटण काढून टाका ना," मी म्हटलं.

"काढलं होतं. ह्यांनी मागच्या खेपेला पकडीनं उपटलंच." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मामंजींनी दोन तासांत नवीन बसवलं. काल जेवले का ते त्यांना आठवत नाही, पण सोल्डरचा डाग द्यायला हात कापत नाही. मशीन लपवून ठेवली तर दिवसभर जेवले नाहीत. दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, माझ्या घरात चोरी झाली."

डॉक्टरांना दाखवलं होतं. गोळ्या चालू होत्या. हे दुखणं उलटं फिरत नाही, सांभाळून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्या दिवशी मी दादांना काही बोलले नाही. बाहेर आले तर त्यांनी नवी कॅसेट काढून ठेवली होती. नांदेडची मैफल. त्यांच्या मते सगळ्यांत चांगली. आम्ही ती एकदाच ऐकली होती आणि पुन्हा लावा म्हणून कितीदा तरी मागे लागलो होतो. "आज बाईंसाठी," ते म्हणाले आणि बटण दाबलं. मी त्यांचं बोट बघत होते. गाणं लावायचं एकच बटण दाबलं, लाल नाही. मला बरं वाटलं.

पहिला अंतरा झाला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी गायक थोडा थांबतो, पेटी एकटी पुढे जाते, आणि मग तो इतक्या हलक्या आवाजात शब्द उचलतो की आपण नकळत पुढे वाकतो. आम्ही तिघंही वाकलो होतो. टक झालं.

"हॅलो. हाव, मीच बोलून राहिलो." दादांचा आवाज होता. फोनवर, बहुतेक मुलाशी. "कॅसेटी कमी होऊन राहिल्या. ... कोण म्हंजे? ती नांदेडची बाई. पिशवी रिकामी आणते न् भरून नेते. ... तुला म्हाईत न्हाई. माय म्हणायची, असल्या लोकांला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. मी ऐकलं न्हाई. आता भोगून राहिलो."

पंखा फिरत होता, टेपमधला आणि डोक्यावरचा. गार्डसाहेबांनी हात लांबवून टेप बंद केली.

दादांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"हा कोण बोलून राहिला?" त्यांनी विचारलं. "कोणाच्या घरचं भरलं हे?"

दादांनी मान हलवली.

"लई वाईट बोलला माणूस." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. असे लोक राहतात."

मी पाणी प्यायला आत गेले आणि मोरीपाशी बराच वेळ उभी राहिले. 'असल्या लोकांला' म्हणजे कुणाला, हे मला विचारावं लागलं नाही. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण तो शब्द बोलायची पद्धत मला लहानपणापासून ओळखता येते. दादांची आई मी पाहिली होती. नांदेडच्या घरी ती मला चहा एका कान तुटलेल्या कपात द्यायची. तिसऱ्या की चौथ्या वेळी दादांनी तो कप माझ्या हातातून घेतला, स्वतः त्यातून चहा प्यायले आणि तो धुवायला आईच्या हातात दिला. पुन्हा तो कप मला दिसला नाही. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. पंचवीस वर्षं मी त्या माणसाला त्या एका दुपारवरून ओळखत होते.

परतीची एसटी चाकूरच्या स्टँडात थांबली तेव्हा गार्डसाहेब खाली उतरून दोन चहा घेऊन आले.

"वो दादा नै बोले बाई. बीमारी बोली."

"बीमारीला मी नांदेडची आहे हे कसं कळलं, साहेब?"

त्यांनी चहाचा कप हातात फिरवला. "बात सही है," म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मला बी दुसरं काहीतरी बोलले असते. माझ्याबद्दल बी भरलेलं असंल कुठं तरी."

ते खरं असेल असं मला वाटलं आणि त्याने आणखी भीती वाटली.

पुढच्या महिन्यात मी गेले नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. रविवारी सकाळी सात वाजता मी उगाच कपाट आवरत बसले. त्या आठवड्यात अण्णांचा फोन आला.

"बाई, रोज एक कॅसेट जाऊन राहिली. कधी दोन. सूनबाई रडून राहिल्या फोनवर. मी म्हणत न्हाई दादासाठी या. गाण्यासाठी या."

कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला दोन बारीक चौकोनी टिकल्या असतात. त्या मोडून टाकल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, रेकॉर्डचं बटण दबतच नाही. हे मला दादांनीच शिकवलं होतं, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची कॅसेट पुसली गेली तेव्हा. स्वतःच्या कॅसेटींच्या टिकल्या मात्र त्यांनी मोडल्या नव्हत्या. आपल्या हातून चूक होईल असं त्यांना कधी वाटलंच नसेल.

पुढच्याच रविवारी मी लातूरला गेले. अण्णा आणि गार्डसाहेबांनी दादांना पुढच्या खोलीत बोलण्यात गुंतवलं. मी आत जाऊन कपाट उघडलं आणि बारीक पेचकसाने टिकल्या मोडायला लागले. एकेक मोडताना काडी तुटल्यासारखा आवाज व्हायचा आणि मी दाराकडे बघायची. तुकडे पदरात घेत होते. निम्म्याच्या वर झाल्या असतील. वर बघितलं तर दादा दारात उभे होते. किती वेळचे, माहीत नाही.

"काय करून राहिल्या बाई?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते. पण ते बोलता आलं नाही. "दादा, ह्याच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून टिकल्या मोडते आहे."

ते आत आले. माझ्या पदरातला एक तुकडा उचलून उजेडात धरला. मग कॅसेट घेऊन तिची कड अंगठ्याने चाचपली. दुकानात एखादा रेडिओ उघडून बघायचे तसे.

"बरं केलं," ते म्हणाले. "मला सुचायला पाहिजे होतं." आणि खाली बसून उरलेल्या कॅसेटी त्यांनी एकेक करून माझ्या हातात दिल्या. संध्याकाळी निघताना ते गेटपर्यंत सोडायला आले. त्या दिवशी आम्ही तिघं एसटी स्टँडवर हसत होतो, भजी खाल्ली. मला वाटलं, संपलं.

तीन आठवड्यांनी सूनबाईंचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. नवऱ्याच्या टेबलातली चिकटपट्टी घेऊन मामंजी सकाळपासून कपाटासमोर बसलेत, म्हणाली. टिकली मोडलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. एकेका भोकावर त्यांनी कात्रीने चौकोन कापून, बुडबुडा न राहू देता पट्टी चिकटवली होती. सगळ्या दीडशे कॅसेटींवर.

"मी विचारलं, मामंजी, हे काय? तर म्हणले, कोणीतरी घरात शिरून तोडून ठेवल्या, दुरुस्त करून राहिलो."

मग जे केलं ते आम्ही तिघांनी आणि सूनबाईंनी मिळून केलं. पुण्याला दादांच्या मुलाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त त्यांना कळू देऊ नका. गार्डसाहेबांनी कुठून कुठून कोऱ्या आणि टाकाऊ कॅसेटी गोळा केल्या, अण्णांनी त्यांच्याकडच्या जुन्या भजनांच्या आणल्या, आणि त्या सगळ्या आधी पुसून घेतल्या. दादा अंघोळीला गेले तेव्हा मी कपाट उघडलं. त्यांच्या निळ्या अक्षरांची कव्हरं तशीच ठेवली, आतल्या कॅसेटी तेवढ्या बदलल्या. तीस-चाळीसच झाल्या पहिल्या खेपेला. बाथरूममध्ये बादलीत पाणी पडायचं थांबलं की माझा हात थांबायचा. चार रविवार लागले. मी दर खेपेला रिकामी पिशवी घेऊन गेले आणि भरून आणली.

त्या कॅसेटी आता माझ्याकडे नांदेडला आहेत. टेपला वायर जोडून संगणकावर उतरवायला मी शिकले. दुपारी जेवण झालं की एक लावते. गायक गायला लागतो, मन भरून येतं, आणि तरी अंग सैल सोडता येत नाही, कारण टक कुठे होईल सांगता येत नाही. कधी नुसता पंखा निघतो. कधी दादा स्वतःशीच "लागंल आता, लागंल" म्हणत असतात. कधी फोन असतो. एकदा त्यांनी गार्डसाहेबांबद्दल बोललेलं निघालं, ते मी पुसून टाकलं आणि त्यांना सांगितलं नाही. वीसेक कॅसेटी अजून लावायच्या आहेत.

लातूरला आम्ही अजून जातो. दादा निळं अक्षर वाचून कॅसेट काढतात, बटण दाबतात. कोऱ्या टेपची खरखर सुरू होते. ते डोळे मिटून ठेका धरतात आणि आम्ही तिघं माना हलवतो. दुपारी तीनला ते दार लावून घेतात, आणि आता त्याने काही बिघडत नाही.

गेल्या रविवारी अण्णा आणि गार्डसाहेब चपला घालत होते तेव्हा दादांनी मला हाताने खूण करून मागे थांबवलं. माझ्या कानाशी वाकून, त्यांचा तो जुना दुकानातला आवाज लावून म्हणाले, "बाई, माझ्या कॅसेटी बदलल्या कोणीतरी."

मी चपलेत घातलेला पाय मागे घेतला.

"तुमच्याशिवाय कोणाला सांगून न्हाई राहिलो. तुम्ही बी बोलू नका. मला म्हाईत हाय कोणाचं काम हाय ते."

"कोणाचं, दादा?"

त्यांनी बाहेर पाहिलं. गार्डसाहेब दाराशी उभे राहून माझी वाट बघत होते. मग दादांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, जिथे सूनबाई भांडी लावत होती, आणि नंतर कितीतरी वेळ माझ्याकडे.

"पुढच्या बारीला सांगतो," ते म्हणाले. "पिशवी घेऊन या."